डाव्या टाचेचा खिळा

आवाज डेक्स्टर लॅमचा होता, पाय माझे.
दर गुरुवारी रात्री साडेआठला
टोलेडोच्या मॅडिसन रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर
तो मायक्रोफोनसमोर नुसत्या मोज्यांत उभा राहायचा
आणि मी चार फुटी फळीवर
त्याला अख्खं शहर फिरवून आणायचे.

हॉलिस टार. धंदा पियानो जुळवण्याचा,
फावल्या वेळात खुनी शोधायचा.
कुणाच्या दिवाणखान्यात एक पट्टी बेसूर लागली
की तिच्याखाली याला मृत्युपत्र सापडायचं.
पोलीस डोकं खाजवायचे, आणि नेमकी तेव्हाच
फरशीच्या पॉलिशची जाहिरात.

बर्फ म्हणजे चामडी पिशवीतलं मक्याचं पीठ, मुठीनं दाबलेलं.
आग म्हणजे सेलोफेन.
हाड मोडायचं तर सेलरीची दांडी, गार हवी.
सुरा खुपसायचा तर कोबी.
शुक्रवारी आमच्या घरी कोबीचंच सूप,
खून झालेल्या गड्ड्याचं.
आमच्या घरी म्हणजे मी एकटीच. बोलायची सवय राहिली आहे.

बूट काझिमिरचे.
एकोणचाळीसच्या मार्चमध्ये
काच कारखान्यातली पाळी संपवून तो घरी आला,
तोंड धुतलं,
पाव आणतो म्हणून नवे बूट घालून गेला.

पाव आणायला कोण नवे बूट घालतं?
हे हॉलिस टारनं पहिल्याच मिनिटात विचारलं असतं.
मला सुचायला दोन वर्षं लागली.

जुने दाराशीच राहिले. तपकिरी, दहा नंबर,
डाव्या टाचेत सैल खिळा:
टक्, टक्-चिक्. टक्, टक्-चिक्.
मोज्यांचे दोन जोड चढवले की मला बसायचे.
प्रोड्यूसर म्हणाला, वा,
या माणसाच्या चालीत काहीतरी आहे.

पत्रं पोत्यानं यायची.
फिंडलेच्या शाळकरी पोरांनी दर आठवड्याला
खुनी ओळखलेला असायचा, दर आठवड्याला चुकीचा,
आणि वर्णन हुबेहूब त्यांच्या गणिताच्या मास्तरांचं.

त्यांत एक कार्ड. सही नाही.
जांभळी पेन्सिल, शिक्का डुलुथचा,
पोलिशमध्ये एकच ओळ:
डाव्या टाचेचा खिळा ठोकून घे.

काय लिहिलंय, प्रोड्यूसरनं विचारलं.
म्हटलं, कार्यक्रम आवडतो म्हणतायत.

पुरावा सगळा हातात होता. शिक्का, तारीख,
झेडच्या पोटातली ती आडवी रेघ.
रात्रीच्या लहरी लांब जातात,
सरोवरांवरून तर आणखीच लांब.
सकाळी सात दहाला शिकागोची गाडी, तिथून पुढे डुलुथ.
हॉलिस टार गेला असता.
पण त्याला चालवणारी मी.
मी लग्रेंज रस्त्यावरच्या मोचीकडे गेले. दहा सेंट.

पुढच्या गुरुवारी संहितेत होतं:
टार दारापर्यंत जातो. बारा पावलं. कडी काढतो.

टक्, टक्. टक्, टक्.
स्वच्छ, कुणाचीही असावीत अशी पावलं.
अकराव्याला मी थांबले.

काचेपलीकडे प्रोड्यूसर हात हलवतोय.
चार सेकंद, पाच, सहा,
ओहायोभर आणि त्याच्याही पलीकडे
नुसती खरखर.
डेक्स्टर माझ्याकडे वळला. मुरलेला नट.
कागदावर नसलेलं वाक्य म्हणाला:
कुणी आहे का तिथे?

दाराची चौकट हाताशीच होती,
दोन कड्या, पाच कुलुपं.
मी बारावं पाऊल टाकलं
आणि कडी लावली. आतून.
चांगली लोखंडी कडी, घराघरांत ऐकू गेली असेल.

मग त्या बंद दारातून खुनी आत आला कसा,
हे लेखकालाही सांगता येईना.
त्या आठवड्यात पत्रांची दोन पोती आली.
जांभळं त्यांत काही नव्हतं.
मी दोनदा पाहिलं.